माळ्यावरचे सोंग

कसाऱ्याहून विहीगावमार्गे घाट चढून खोडाळ्यास आले की पुढे जव्हारकडे, मोखाड्याकडे आणि तेथून त्र्यंबकेश्वराकडे जाता येते. चार दिशांची वाट जेथे मिळते तेथे व्यापार वसतो. एकेकाळी जव्हार संस्थानाच्या मुलखात मोडणारा आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेला हा डोंगराळ प्रदेश त्याला अपवाद नाही. मीठ, गूळ, तेल, कापड यांच्या बदल्यात नागली, वरई, हिरडा आणि मोह घेणारी दुकाने येथे पिढ्यानपिढ्या चालत आली. अशाच एका तीन पिढ्यांच्या किराणा दुकानाच्या माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू अर्धशतक पडून होती. गेल्या दिवाळीत ती खाली उतरली आणि एका सुखवस्तू कुटुंबासमोर मोठा प्रश्न उभा राहिला.

कुटुंबातील नात नाशिकला अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेते. सुटीत पूर्ण करण्यासाठी तिला एक अभ्यास दिलेला होता : सोळाव्या शतकातील इटालियन नक्षीच्या एका रेखाटनाची पेनने नक्कल करणे. वहीपूजनाच्या आधीची आवराआवर चालू असताना ती माळ्यावर चढली, गोणपाट सोडले आणि थबकली. आत लाकडाचा एक भला मोठा मुखवटा होता. वटारलेले डोळे, कपाळापर्यंत चढलेल्या भुवया, जबड्यातून बाहेर आलेले सुळे आणि लोंबणारी जीभ. रंग उडालेला होता, पण कोरीव काम शाबूत होते. आजीने खालूनच बजावले, "ते राक्षसाचे तोंड सणासुदीला खाली आणू नकोस." मुलीच्या मनात मात्र वेगळाच विचार आला. तिच्या वहीतल्या रेखाटनाच्या मध्यभागी जे तोंड होते, ते या तोंडाचे सख्खे भावंड वाटत होते.

तिने मुखवट्याचे छायाचित्र आपल्या ओळखीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठविले. संध्याकाळपर्यंत उत्तर आले. त्याने सांगितलेली किंमत दुकानाच्या दोन महिन्यांच्या निव्वळ नफ्याइतकी होती. घरात आनंद झाला. फक्त दादाजी गप्प राहिले. ते म्हणाले, "बेटा, वडील सांगत असत की माळ्यावरची वस्तू आपली नव्हे, आपल्याकडे ठेवलेली आहे. आधी वही पाहू."

वही सापडेपर्यंत वाचकांनी त्या मुलीच्या रेखाटनाकडे वळावे, कारण या प्रश्नाचे एक टोक रोममध्ये आहे.

इसवी सन ६४ मध्ये रोम शहरात प्रचंड आग लागली. त्यानंतर सम्राट नीरोने जळालेल्या भागावर स्वतःसाठी एक अफाट प्रासाद उभारला. त्याचे नाव 'सुवर्णगृह'. इ.स. ६८ मध्ये नीरोचा अंत झाला. पुढील सम्राटांना त्याची आठवणही नको होती. प्रासादाच्या दालनांत माती भरून त्यावर सम्राट ट्राजनने सार्वजनिक स्नानगृहे बांधली. जवळजवळ चौदा शतके ती रंगविलेली दालने मातीखाली राहिली. इ.स. १४८० च्या सुमारास टेकडीवरील भोकांतून माणसे आत उतरू लागली. दालने मातीने भरलेली असल्यामुळे ती थेट छताजवळच पोहोचत. चित्रकार दोरांनी खाली उतरत, पलित्याच्या उजेडात छतावरील नक्षी उतरवून घेत आणि जाताना भिंतीवर आपले नाव कोरून ठेवीत. त्यांतील काही नावे आजही वाचता येतात.

त्यांनी काय पाहिले? पांढऱ्या पृष्ठभागावर अतिशय नाजूक रेषांनी काढलेली एक अशक्य सृष्टी. कमरेपर्यंत स्त्री आणि खाली वेल. सिंहाच्या धडाला पंख आणि शेपटीच्या जागी उमललेले पान. गवताच्या काडीवर उभे असलेले देऊळ. दोन वेलींच्या संगमावर लोंबणारे, जबडा वासलेले तोंड. वजनाचा नियम तेथे चालत नाही, पण डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळते. या दालनांना लोक गुहा समजत. गुहेला इटालियनमध्ये 'ग्रोत्ता' म्हणतात, म्हणून या नक्षीचे नाव पडले 'ग्रोतेस्के'. इंग्रजीत आज विद्रूप, भेसूर या अर्थाने वापरला जाणारा 'ग्रोटेस्क' हा शब्द मुळात एका नक्षीप्रकाराचे नाव होता.

ती नक्षी किती झपाट्याने बाजारात आली याची साक्ष एका करारपत्रात आहे. १५०२ मध्ये सिएना येथील कार्डिनल पिक्कोलोमिनी यांनी आपल्या ग्रंथालयाचे छत रंगविण्याचे काम पिंतुरिक्क्यो या चित्रकाराला दिले, तेव्हा छतावरील नक्षी हल्ली ज्याला 'ग्रोतेस्के' म्हणतात त्या पद्धतीची असावी, असे कलम करारात घातले. सापडून वीस-बावीस वर्षे झालेली वस्तू करारपत्रात नावानिशी मागितली जाऊ लागली होती. पुढे राफाएल आणि त्याचा सहकारी जोव्हान्नी दा उदिने यांनी व्हॅटिकनमधील लांब सज्जा याच पद्धतीने सजविला. ते काम १५१९ मध्ये पूर्ण झाले. मग कोरीव ठशांवरून छापलेले नमुने युरोपभर विकले गेले. सोनार, चिलखत बनविणारे, गालिचे विणणारे, चिनी मातीची भांडी रंगविणारे अशा सर्वांनी ते वापरले. त्या काळची अनेक मूळ रेखाटने पाहिली तर एक व्यवहारी युक्ती दिसते : मधल्या रेषेच्या डावीकडे एक नमुना आणि उजवीकडे दुसरा. ग्राहकाने पसंत करावे, मग तोच दोन्ही बाजूंस काढला जाई. कापडाचे दोन तागे गिऱ्हाइकापुढे उलगडणाऱ्या व्यापाऱ्याला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

सर्वांनाच ही नक्षी रुचली असे मात्र नाही. नीरोच्याही आधी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, स्थापत्याचार्य व्हिट्रुव्हिअसने अशा चित्रांवर कठोर टीका केली होती. जे जगात नाही, असू शकत नाही आणि कधी नव्हते, ते भिंतीवर का काढावे, असा त्याचा आक्षेप होता. १५८२ मध्ये बोलोन्याचे कार्डिनल गाब्रिएले पालेओत्ती यांनी आपल्या ग्रंथात देवालयांतील अशा चित्रणाचा निषेध केला. आजी माळ्याखाली उभी राहून जे म्हणाली, त्याला असा जुना आणि प्रतिष्ठित इतिहास आहे.

परंतु आजी दररोज ज्या मंदिरात दर्शनास जाते, तेथील उंबऱ्याकडे तिने कधी निरखून पाहिले आहे काय? पश्चिम भारतातील जैन आणि हिंदू मंदिरांच्या उंबऱ्यावर दोन बाजूंस दोन तोंडे कोरलेली असतात. डोळे बाहेर आलेले, वर शिंगांसारखी वळणे, खालचा जबडा बहुधा नाहीच. हे कीर्तिमुख. शिल्पशास्त्रात त्याला 'ग्रास' असेही नाव आहे, आणि अशा तोंडांची ओळ भिंतीवर फिरविली की तिला 'ग्रासपट्टी' म्हणतात. आबूच्या देलवाड्यात, राणकपूरच्या स्तंभांवर आणि आपल्या वेरूळच्या जैन लेण्यांतही ही तोंडे आढळतात. त्यांच्या जबड्यातून मोत्यांच्या माळा किंवा वेली बाहेर पडतात. शेजारीच मकर असतो : मगरीचे तोंड, हत्तीसारखी सोंड आणि शेपटीच्या जागी वळणे घेत जाणारी पानांची वेलबुट्टी. हाच मकर नवव्या तीर्थंकरांचे, श्री सुविधिनाथांचे, लांछन आहे. रोमच्या मातीखालून निघालेल्या नक्षीची सर्व लक्षणे येथे आहेत. फरक इतकाच की ही परंपरा आपल्याकडे कधी मातीखाली गेली नाही.

कीर्तिमुखाची पौराणिक कथा प्रसिद्ध आहे. जालंधराचा दूत म्हणून राहू शंकराकडे उद्दाम निरोप घेऊन आला. शंकराच्या क्रोधातून सिंहमुखी, भुकेने व्याकूळ असा एक प्राणी उत्पन्न झाला. राहू शरण आला, तेव्हा त्याला अभय मिळाले. मग त्या भुकेल्याने काय खावे? स्वतःलाच खा, अशी आज्ञा झाली. त्याने हात, पाय, धड सर्व खाल्ले आणि केवळ तोंड उरले. प्रसन्न होऊन शंकराने त्याला दारावर कायमचे स्थान दिले. कथा शैव आहे, पण तोंड जैन मंदिरातही आहे, कारण तिचा आशय कोणत्याही एका संप्रदायाचा नाही. जी भूक दुसऱ्यावर धावून जाणार होती, ती स्वतःकडे वळली आणि तेथेच संपली. अहिंसा हा ज्याचा पाया आहे त्या धर्माच्या उंबऱ्यावर हे तोंड विसंगत नाही. गाभाऱ्यातील शांत मुद्रेपर्यंत पोहोचण्यापूर्वी माणसाला स्वतःच्या लोभाचे तोंड ओलांडावे लागते, असा बोध त्यातून घेता येतो.

येथे खोडाळ्याच्या वाचकांना एक जवळचे उदाहरण देता येईल. त्र्यंबकेश्वराच्या पलीकडे अंजनेरी आहे. तेथे यादवकालीन जैन आणि हिंदू मंदिरांचे भग्नावशेष विखुरलेले आहेत. त्यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४२ च्या सुमारासचा शिलालेख आहे. यादव राजा सेऊणचंद्र याच्या काळातील या लेखात आठवे तीर्थंकर श्री चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दुकाने दान दिल्याची नोंद आहे. दुकानाच्या उत्पन्नातून मंदिराचा खर्च चालावा, अशी ती व्यवस्था. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही या डोंगरांच्या परिसरात दुकान, देणगी आणि देऊळ यांचा हिशेब एकत्र मांडला जात होता, आणि तो दगडावर लिहून ठेवण्याइतका महत्त्वाचा मानला जात होता.

आता माळ्यावरच्या मुखवट्याकडे वळू. तो बोहाड्याचा होता.

जव्हार, मोखाडा, खोडाळा या भागात होळीपासून वैशाखापर्यंत, गावागावांच्या सोयीने, बोहाडा भरतो. काही ठिकाणी त्याला भवाडा, काही ठिकाणी आखाडी म्हणतात. कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी आदी समाजांचा हा उत्सव ग्रामदेवतेच्या नावाने होतो. रात्री गावाच्या रस्त्यावर दुतर्फा लोक बसतात. सांबळ आणि पिपाणी वाजू लागते. मशालींच्या उजेडात एकेक सोंग नाचत येते. आधी गणपती आणि सरस्वती येतात; मग मारुती, भीम, नरसिंह, रावण, त्राटिका, वाघ अशी रांग लागते; अखेरीस देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते. सोंगाला बोलावे लागत नाही. मुखवटा, पावले आणि वाद्याची चाल यांवरून कोण आले हे लहान मुलेही ओळखतात.

जुने मुखवटे लाकडाचे. आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे असतात. मातीच्या साच्यावर लगद्याचे थर चढवायचे, वाळवायचे, साचा काढून घ्यायचा आणि रंगवायचे, अशी कृती. लगद्याला चिकटपणा यावा आणि कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड घालण्याची रीत हस्तकलेत परिचित आहे. ती मेथी आणि रद्दी कागद किराणा दुकानातूनच जातात, हेही येथे नोंदविण्यास हरकत नाही.

रोमची नक्षी आणि हा मुखवटा यांत साम्य पुष्कळ आहे. दोन्हींत अवयव फुगवून, वाकवून, परस्परांत मिसळून नवे रूप घडविले जाते. दोन्ही अर्ध्या उजेडात जिवंत होतात. पलित्याच्या हलत्या ज्योतीत छतावरचे तोंड हसल्यासारखे वाटावे आणि मशालीच्या ज्योतीत त्राटिकेची जीभ हलल्यासारखी वाटावी, हे एकच. तीच वस्तू विजेच्या नळीखाली धरली की सपाट दिसते. परंतु एक मूलभूत भेदही आहे. रोमची नक्षी छापील नमुना झाली, तेव्हा ती कोणाचीही झाली. तिला पैसे पडत, पण परवानगी लागत नसे. ती चौकटीची, कडेची शोभा होती. बोहाड्यातील बरीच सोंगे मात्र ठरावीक घराण्यांकडे चालत आलेली असतात. ज्या घरी त्राटिका, त्या घरच्या माणसाने ती नाचवायची. सोंग म्हणजे त्या घराचा मान आणि त्या घरावरची जबाबदारीही. रोजगारासाठी भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली माणसे शिमग्याला गावी परततात, त्यामागे या जबाबदारीचाही वाटा असतो.

तेव्हा मुखवटा कोणाचा, हा प्रश्न त्याच्या किमतीच्या आधी येतो.

वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्या टंचाईच्या काळातील ती होती. दादाजींच्या वडिलांच्या अक्षरात एका पाड्याचे आणि एका माणसाचे नाव, आणि पुढे : 'सोंग लाकडी त्राटिका नग १, ठेव. नागली मण दोन.' जमेच्या बाजूस काही नव्हते. पोटाला धान्य नाही म्हणून एका घराने आपल्या घरचा मान दुकानात आणून ठेवला होता, दोन मण नागली नेली होती आणि ती पुन्हा फेडणे त्याला जमले नव्हते.

मुलाने, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, व्यवहाराची बाजू मांडली. पन्नास वर्षे झाली. घेणे बुडाले. वस्तू सांभाळली कोणी? आपण. मग विकण्यात गैर काय? हा प्रश्न अनेक व्यापारी घरांत कधी ना कधी विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट पाहिले पाहिजे.

कायदा प्रथम पाहू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७२ नुसार कर्जाच्या फेडीची हमी म्हणून वस्तू ताब्यात देणे म्हणजे तारण गहाण. त्यात ताबा जातो, मालकी जात नाही. कलम १७६ प्रमाणे कर्जदाराने कसूर केल्यास वस्तू विकण्याचा अधिकार मिळतो, परंतु त्यापूर्वी त्याला वाजवी मुदतीची सूचना द्यावी लागते, आणि विक्रीतून येणे असलेल्या रकमेपेक्षा अधिक मिळाल्यास ती जादा रक्कम मालकाची असते. मुदतीचे म्हणाल, तर मुदत अधिनियम, १९६३ नुसार तारण ठेवलेली वस्तू परत मिळविण्याच्या दाव्याची तीन वर्षे वस्तू ठेवल्यापासून मोजली जात नाहीत. मालकाने मागणी केली आणि ती नाकारली गेली, त्या दिवसापासून मोजली जातात. येथे कोणी मागितलेच नव्हते. म्हणजे पन्नास वर्षांनी काहीही बुडाले नव्हते. शिवाय मुखवटा शंभर वर्षांचा किंवा त्याहून जुना ठरला, तर पुरावशेषांसंबंधीचा १९७२ चा कायदा लागू होतो. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत.

कायद्याच्या पलीकडचे उत्तर या वाचकवर्गाला परके नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीने आणलेली वस्तू घेणे आहे, मापात कमी-अधिक करणे आहे आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपविणे आहे. जणू एखाद्या व्यापाऱ्याला समोर बसवूनच ही यादी केली आहे. जुन्या मुखवट्यांच्या बाजारात या तिन्ही गोष्टी संभवतात. देवळातून वा घरातून उचललेला मुखवटा 'कोठून आला' हे न विचारता घेणे. नवा मुखवटा धुरावर धरून जुना म्हणून विकणे. आणि गरजेच्या वेळी दोन मणांत ठेवलेल्या वस्तूची किंमत आपल्या सोयीने दोन मणच धरणे. शेवटचा दोष वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून तो अधिक जपून पाहावा लागतो.

दादाजींनी यातील काहीही बोलून दाखविले नाही. त्यांनी वहीवर हात ठेवून एवढेच विचारले, "या पानावर सही आपल्या घराची आहे. ती खोटी पाडायची का?" घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. व्यापाऱ्याला नकार कळविण्यात आला. मुलीने मात्र सुटीतले आठ दिवस त्या मुखवट्यासमोर बसून काढले. तिने त्याची समोरून, बाजूने आणि मागून मापासह रेखाटने केली; मागच्या बाजूस कपाळाजवळ लाकूड पातळ तासलेले आहे, कारण वजन मानेवर यायचे असते, हेही टिपून ठेवले. भिंतीवर टांगण्याच्या वस्तूला कोणी मागून पाहत नाही. डोक्यावर घेण्याच्या वस्तूची खरी कारागिरी मागेच असते.

फाल्गुनात, वीटभट्टीवरची माणसे परतल्यावर, पाड्यावर निरोप गेला. दोन दिवसांनी एक वृद्ध आणि त्याचा नातू दुकानात आले. दादाजींनी त्यांना गादीवर बसविले, पाणी दिले, वहीचे पान वाचून दाखविले आणि गोणपाट पुढे ठेवले. वृद्धाने ते लगेच सोडले नाही. वडिलांनी सोंग ठेवले तेव्हा तो स्वतः तरुण होता. तो म्हणाला, "शेठ, आम्ही तर कागदाची केली. दरवर्षी तीच नाचते." मग गोणपाट उघडून त्याने त्राटिकेच्या कपाळावरून हात फिरविला आणि नातवाला म्हणाला, "ही तुझ्या पणज्याची."

दादाजींनी वाटेल तशी व्यवस्था करण्याची तयारी दाखविली. वस्तू घेऊन जा, घेणे काही नाही, असे ते म्हणाले. ते वृद्धाला पटले नाही. फुकट नेलेले सोंग नाचविता येत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. उदारपणाने एखाद्याचा मान राखला जातो असे आपण समजतो. येथे हिशेब पुरा केल्यानेच तो राखला जाणार होता. दादाजींना ते लगेच उमगले आणि त्यांनी आग्रह सोडला. व्याज लावायचे नाही एवढे ठरले. आठवड्याने नागलीची पोती आली. काट्यावर वजन झाले. दोन मण म्हणजे सुमारे पंचाहत्तर किलो. पोत्यांत थोडी अधिकच भरली होती. अधिकची नागली परत बांधून देण्यात आली.

वर्तमानात याचा धडा काय, असे वाचक विचारतील. मुखवटे घरात लावूच नयेत काय? तसे नव्हे. कलावस्तू विकत घेणे हा कारागिराला आधार आहे, आणि व्यापारी समाजाइतका हा आधार दुसरे कोणी देऊ शकत नाही. परंतु नाचविलेले जुने सोंग मागण्याऐवजी घरासाठी नवा मुखवटा करवून घ्यावा. तो करणाऱ्याला आगाऊ रक्कम द्यावी, घासाघीस बेताची करावी आणि बिलावर वस्तूचे व कारागिराचे नाव लिहून घ्यावे. रोमच्या छतावर चित्र काढणाऱ्या फामुलस या चित्रकाराचे नाव प्लिनीने लिहून ठेवले म्हणून आज माहीत आहे. आपल्याकडे शहरातील दुकानांच्या पावतीवर 'ट्रायबल मास्क, एक नग' एवढेच लिहिलेले असते. ज्या समाजाने आपली नीती वहीच्या पानावर सांभाळली, त्याला त्या पावतीत एक ओळ वाढविणे अवघड जाऊ नये.

मुलीची रेखाटने महाविद्यालयात पोहोचली. एका कागदावर तिने युरोपीय पद्धतीप्रमाणे मधली रेषा आखली होती. डावीकडे सोळाव्या शतकातील इटालियन तोंडाचा अर्धा भाग, उजवीकडे खोडाळ्याच्या त्राटिकेचा. दोन्ही अर्धे भुवईच्या वळणापासून हनुवटीपर्यंत आश्चर्य वाटावे इतके जुळले. खाली तिने एका बाजूस छापील नमुन्याचे वर्ष लिहिले आणि दुसऱ्या बाजूस, घरच्यांची परवानगी घेऊन, त्या घराण्याचे नाव.

त्या वर्षीच्या बोहाड्यात लाकडाची त्राटिका रस्त्यावर आली. दुकानातील मंडळी इतरांबरोबर कडेला बसली होती. आजीही होती. सोंग तिच्यासमोरून गेले तेव्हा तिने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर दादाजींनी जुनी लाल वही पुन्हा काढली. १९७२ च्या त्या पानावर, पन्नास वर्षे कोरी राहिलेल्या जमेच्या बाजूस, त्यांनी तारीख घालून लिहिले : 'नागली मण दोन जमा. सोंग परत. खाते पुरे.'